नसांची गोळी चालू असताना दुसरं औषध सुरू करायचंय? हा क्रम पाळा

मिरजेत आमच्या मेडिकलच्या काउंटरवर दिवसातून दोन-तीनदा तरी हा संवाद होतो.

"अण्णा, आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

"बीपीची एक. बाकी काय न्हाई."

मग पैसे काढायला पिशवीत हात जातो आणि पैशांच्या आधी चार स्ट्रिप बाहेर येतात. त्यातली एक रात्रीची छोटी गोळी असते. कुणी तिला 'नसांची' म्हणतं, कुणी 'झोपेची', कुणी 'डोकेदुखीची'. औषधांत ती मोजलीच जात नाही. वाचून बघावं तर ती बहुतेक वेळा ट्रायसायक्लिक गटातली निघते.

हा गट मुळात नैराश्यावरचा. आता मधुमेहामुळे होणारी पायांची आग, अर्धशिशी, मणक्यातून उतरणारी कळ यांसाठीही तो कमी डोसमध्ये दिला जातो. ज्यांना नैराश्यासाठी दिला आहे ते चारचौघांत नाव घेत नाहीत. ज्यांना दुखण्यासाठी दिला आहे त्यांना आपण नेमकं काय घेतोय हेच ठाऊक नसतं. दोघांचीही चूक एकच होते. नवं औषध आधी पोटात जातं आणि त्रास झाला की मग जुन्या चिठ्ठ्यांची शोधाशोध सुरू होते. ही शोधाशोध पहिल्या डोसच्या आधी व्हायला हवी.

थांबा : हा लेख वाचून चालू गोळी आज रात्री बंद करू नका. तेही धोक्याचं आहे. त्याबद्दल शेवटच्या टप्प्यात.

## टप्पा १ : गोळी या गटातली आहे का, ते स्ट्रिपवर वाचा

पुढचं मोठं नाव कंपनीचं. स्ट्रिप उलटी करा आणि बारीक अक्षरातले घटक बघा. अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन, इमिप्रामिन, क्लोमिप्रामिन, डोसुलेपिन (हिलाच डोथिएपिन म्हणतात), डॉक्सेपिन. यातलं एक जरी नाव दिसलं तरी पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

लोक फसतात ते जोडगोळ्यांत. प्रेगाबालिन किंवा गॅबापेंटिनसोबत नॉरट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम असलेल्या गोळ्या आपल्याकडे भरपूर लिहिल्या जातात. त्यात मिथाइलकोबालामिन असेल तर घरात तिचं नाव 'बी-ट्वेल्व्हची गोळी' पडतं, आणि मग तिच्याबद्दल कुणी विचारतही नाही. अमिट्रिप्टिलिन आणि क्लोरडायझेपॉक्साइडची जोडगोळीही तशीच. ती 'टेन्शनची' म्हणून ओळखली जाते.

माझ्या आत्याचंच सांगतो. ती कवठेमहांकाळकडची. गुडघा आणि कंबर धरली म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी प्रेगाबालिन-नॉरट्रिप्टिलिन दिली होती. पुढे डोकं दुखतं म्हणून दुसरीकडे दाखवलं, तिथे अमिट्रिप्टिलिन २५ मिळाली. दोन्ही रात्रीच्या. सहा आठवडे तिची जीभ टाळूला चिकटायची, सकाळी दहापर्यंत गुंगी असायची आणि पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. बद्धकोष्ठासाठी तिसरं औषध सुरू झालं, तेव्हा कुठे ती पिशवी माझ्यापुढे आली. अमिट्रिप्टिलिनचं शरीरात नॉरट्रिप्टिलिनच बनतं. म्हणजे आत्या एकच औषध दोन नावांनी घेत होती. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या, फक्त त्या एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

तपासा : नावात 'ट्रिप्ट' किंवा 'प्राम' ऐकू आलं म्हणून ती या गटातलीच असेल असं नाही. सुमाट्रिप्टान ही अर्धशिशीची वेगळी गोळी, मेटोक्लोप्रामाइड हे उलटीचं औषध. यादीत दोन्ही लिहा, पण त्यांना ट्रायसायक्लिक समजू नका.

आणि स्ट्रिप कापताना नाव नि मुदत असलेला तुकडा शेवटपर्यंत ठेवा. आठवड्याला दोन तरी लोक नुसत्या रुपेरी कागदातली गोळी घेऊन 'हीच द्या' म्हणत येतात. ती कुठली, हे मीही सांगू शकत नाही.

## टप्पा २ : घरातलं सगळं एका पिशवीत

आठवून यादी करू नका. पिशवी घ्या आणि घर फिरा: फ्रिजवरचा डबा, देवघराशेजारचा कप्पा, उशाखाली, पाकिटात, शेतातल्या खोलीत. गोळ्यांबरोबर डोळ्यांचे थेंब, खोकल्याची बाटली, नाकाचा स्प्रे, काढा, चूर्ण आणि वैदूने दिलेली पुडीसुद्धा घ्या.

मग एका कागदावर चार रकाने आखा: घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम, कधी घेता, कधीपासून, कुणी दिलं. वर तारीख टाका.

याच कागदावर गेल्या दोन-तीन महिन्यांत *संपलेली* औषधंही लिहा. हे जवळजवळ कुणीच करत नाही. फ्लुओक्सेटिन बंद केल्यावरही तिचा परिणाम साधारण पाच आठवडे अंगात राहतो. नायट्यासाठीच्या टर्बिनाफिन गोळ्यांचा कोर्स संपल्यावर यकृतात या गोळीची विल्हेवाट अडवण्याचा त्यांचा परिणाम काही आठवडे, कधी काही महिनेही टिकतो. नायट्याची साथ आपल्याकडे घरोघर आहे आणि टर्बिनाफिन एकमेकांना सांगून घेतली जाते, म्हणून मी हा प्रश्न वेगळा विचारतो.

दारू किती नि कधी, हेही लिहा. फक्त सणासुदीला असेल तर तसंच लिहा.

## टप्पा ३ : कागदाच्या मागे आजार लिहा

काचबिंदू, प्रोस्टेट किंवा अडखळत होणारी लघवी, फिट्स, थायरॉइड, मधुमेह, हृदयाचा झटका किंवा ठोक्यांचा त्रास, आणि उभं राहिल्यावर येणारी चक्कर. शेवटचा ईसीजी आणि सोडियम-पोटॅशियमचा रिपोर्ट असेल तर सोबत जोडा. नुकताच हृदयाचा झटका येऊन गेलेल्याला ही गोळी सहसा देत नाहीत. तेव्हा आजार आणि गोळी दोन वेगळ्या फायलींत असतील, तर आधी त्या एकत्र करा.

## टप्पा ४ : आधी 'सोबत नकोच' ही ओळ तपासा

ही यादी लहान आहे, म्हणून सुरुवात इथून.

कंपवातासाठीच्या सेलेजिलिन आणि रासाजिलिन. यांचा गट मोनोअमाइन ऑक्सिडेज (मेंदूतली काही रसायनं मोडणारं एन्झाइम) रोखणाऱ्या औषधांचा. या गटातलं औषध आणि ट्रायसायक्लिक यांच्या मधे साधारण १४ दिवसांचा मोकळा काळ ठेवतात.

लिनेझोलिड. हे अँटिबायोटिक असलं तरी त्याचा एक गुण याच गटाचा आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयात ते महिनोन् महिने चालतं. क्षयाचे उपचार एकीकडे, मनाचे दुसरीकडे, अशी विभागणी असेल तर दोन्ही डॉक्टरांपर्यंत ही बातमी पोहोचवणं तुमच्याच हातात असतं.

हृदयाचे ठोके ताब्यात ठेवणारी अमिओडारोन, फ्लेकेनाइड यांसारखी औषधं. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा, मेडिकलवाल्याचा नाही.

थांबा : यातलं काही सापडलं तर पुढचा टप्पा वाचत बसू नका. नवीन गोळीचा पहिला डोस न घेता डॉक्टरांना फोन करा.

## टप्पा ५ : 'विचारून, जपून' ही ओळ

सगळ्यात जास्त माणसं याच ओळीत सापडतात. औषधांची नावं पाठ करण्यापेक्षा, नवीन औषध चालू गोळीचं नेमकं काय करतं ते पाच प्रश्नांत विचारावं.

ते गोळीची रक्तातली पातळी वाढवतं का? ट्रायसायक्लिक औषधांची यकृतात विल्हेवाट लावणारं एक एन्झाइम आहे, सीवायपी-टूडीसिक्स. फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन, बुप्रोपिऑन, टर्बिनाफिन ही औषधं त्याला अडवतात. ड्युलोक्सेटिनही, जरा कमी जोराने. मग गोळी १० ची असली तरी अंगात तिचा परिणाम मोठ्या डोससारखा होऊ शकतो. ड्युलोक्सेटिन नसांच्या दुखण्यालाच देतात, त्यामुळे दोन डॉक्टरांकडून दोन्ही मिळण्याचा योग हमखास येतो. फिट्सच्या व्हॅल्प्रोएटनेही पातळी चढते.

उलटंही होतं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि क्षयातलं रिफाम्पिसिन पातळी खाली आणतात. माणूस म्हणतो, 'गोळी लागू पडेना झाली,' आणि स्वतःच दोन घ्यायला लागतो. पुढे रिफाम्पिसिनचा कोर्स संपतो, पातळी हळूहळू वर येते आणि त्या दोन गोळ्या अंगावर येतात.

ते सेरोटोनिन (मेंदूत निरोप पोहोचवणारं एक रसायन) वाढवतं का? इथे मुख्य गुन्हेगार ट्रॅमाडॉल. पॅरासिटामॉलसोबतच्या जोडगोळीत ते कंबरदुखीला, पडल्या-झडल्याला सर्रास दिलं जातं. ट्रायसायक्लिकसोबत ते सेरोटोनिनचा अतिरेक घडवू शकतं, शिवाय फिट येण्याची शक्यता वाढवतं, कारण फिटचा उंबरठा दोन्ही औषधं खाली आणतात. आधी कधी फिट आली असेल तर ट्रॅमाडॉलचं नाव दिसताच डॉक्टरांना पर्याय विचारा. टॅपेंटाडॉललाही तीच काळजी.

ते हृदयाचा ताल बिघडवतं का? अझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लोक्सासिन, मॉक्सिफ्लोक्सासिन, बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल, उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन, एस्सिटालोप्राम, हॅलोपेरिडॉल: सगळी ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबवू शकतात, आणि ट्रायसायक्लिकही लांबवतं. याच जातीचं डॉम्परिडोन सगळ्यात लपून बसतं. सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या पित्ताच्या कॅप्सूलच्या नावापुढे 'डी' किंवा 'डीएसआर' असेल तर ते बहुधा हेच. अनेकांना वाटतं, डी म्हणजे व्हिटॅमिन डी.

तरुण, धडधाकट माणसाला १० मिलिग्रॅमवर एक कॅप्सूल पडली म्हणून आभाळ कोसळत नाही. चिंता वाढते ती बेरजेने. वय साठच्या पुढे, पायावरची सूज उतरवायला फ्युरोसेमाइड किंवा टोरसेमाइड, त्यात जुलाब होऊन पोटॅशियम उतरलेलं आणि वर अझिथ्रोमायसिन. अशी बेरीज दिसली तर ईसीजी काढून मगच पुढे जायचं.

ते कोरडेपणा वाढवतं का? तोंड सुकणं, धूसर दिसणं, मलावरोध, लघवी अडकणं आणि म्हाताऱ्या माणसाचं भ्रमिष्टासारखं वागणं: ट्रायसायक्लिकच्या या त्रासात क्लोरफेनिरामिन, हायड्रॉक्सिझिन, पोटातल्या कळेची डायसायक्लोमिन, कंपवाताची ट्रायहेक्सिफेनिडिल, वारंवार लघवीसाठीची सोलिफेनासिन, ऑक्सिब्युटिनिन भर घालतात. दम्यासाठी धोतऱ्याचं बी किंवा पानं वापरणारी माणसं खेड्यांत अजून भेटतात. धोतरा या सगळ्यांचा बाप आहे. तो या गोळीसोबतच काय, एकटाही घेऊ नका.

इथे एक बारकी गोष्ट हृदयरुग्णांसाठी. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची आयसोसॉर्बाइडची गोळी विरघळायला तोंडात ओल लागते. ट्रायसायक्लिकने तोंड वाळवंट झालेलं असेल तर ती तशीच पडून राहते. आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करा, मग गोळी ठेवा. आणि तोंड कायमच इतकं कोरडं पडत असेल तर पुढच्या भेटीत ते डॉक्टरांना सांगा.

जत, आटपाडीकडच्या वाचकांना आणखी एक: ही औषधं घाम कमी करतात. एप्रिल-मेच्या उन्हात अशी दोन औषधं पोटात घेऊन दुपारभर रानात राहू नका.

ते रक्तदाबाला किंवा शुद्धीला हात लावतं का? क्लोनिडिनचा रक्तदाब उतरवण्याचा गुण ट्रायसायक्लिक मारतं. प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आणि रक्तदाबाची प्राझोसिन यांच्यासोबत नेमकं उलट होतं. पहाटे तीनला लघवीला उठलेला माणूस उभा राहतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडतो. अशांनी खाटेच्या काठावर दोन मिनिटं बसूनच उठायचं. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, प्रेगाबालिन आणि दारू गुंगी वाढवतात. 'एकच पेग घेतला होता' हे गाडी घसरल्यावर सांगून काय उपयोग?

## टप्पा ६ : चिठ्ठीशिवाय मिळणारी औषधं वेगळी बघा

इथली चूक माझी आहे, तीच सांगतो. काही वर्षांपूर्वी जतकडचे एक आजोबा सर्दीची गोळी मागायला आले. गर्दी होती, मी दिली. पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन, फिनाइलएफ्रिन, नेहमीचीच. ते रोज रात्री अमिट्रिप्टिलिन घेतात हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. प्रोस्टेटही होतंच. दुसऱ्या रात्री लघवी तुंबली आणि पहाटे नळी घालावी लागली. चार दिवसांनी त्यांचा मुलगा रिकामी स्ट्रिप माझ्यापुढे ठेवून गेला, एक शब्द बोलला नाही. तेव्हापासून सर्दीची गोळी देताना आधी तोंडातून प्रश्न निघतो.

त्या एका गोळीतले दोन घटक ट्रायसायक्लिकशी भांडतात. क्लोरफेनिरामिन कोरडेपणा वाढवतं आणि फिनाइलएफ्रिन रक्तदाब चढवू शकतं. कोरड्या खोकल्याच्या बाटलीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन असतं, ते सेरोटोनिनच्या बाजूने येतं.

काउंटरवर वाक्य एवढंच: "मला अमिट्रिप्टिलिन चालू आहे, त्याच्यासोबत चालेल असं द्या." आजाराचं नाव सांगायची गरज नाही. साध्या तापाला, अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल, नाक चोंदल्यावर वाफ आणि मिठाच्या पाण्याचे थेंब यावर बहुतेकांचं भागतं.

तपासा : दात काढायला जाताय? भूल देण्याच्या इंजेक्शनमध्ये अनेकदा अॅड्रेनालिन असतं आणि ट्रायसायक्लिकमुळे त्याचा जोर वाढतो. खुर्चीत बसण्याआधी सांगा. कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांनाही हेच सांगायचं.

## टप्पा ७ : कागद घेऊन विचारा

ज्यांनी ट्रायसायक्लिक लिहिलं त्यांना आधी विचारा, कारण डोस कमी करायचा की गोळी बदलायची हे त्यांनाच ठरवता येतं. त्यांची वेळ आठवडाभर लांब असेल तर नवीन औषध लिहिणाऱ्यांना कागद दाखवा. प्रश्न तीनच: दोन्ही सोबत चालतील का? डोस बदलायचा का? कुठल्या लक्षणावर फोन करू? उत्तरं त्याच कागदावर लिहून घ्या.

'गोळ्या सकाळ-संध्याकाळ वाटून घेतो म्हणजे भिडणार नाहीत' हा समज काढून टाका. अमिट्रिप्टिलिन एका रात्रीत अंगातून जात नाही. चार तासांचं अंतर अँटासिडसारख्या औषधांना कामी येतं, इथे नाही.

## टप्पा ८ : पहिले दहा दिवस

पहिल्या दिवशी काही झालं नाही म्हणजे जमलं, असं धरू नका. सेरोटोनिनचा त्रास सहसा काही तासांत, दिवसभरात दिसतो, पण रक्तातली पातळी चढायला आठवडा लागतो. म्हणून रोज चार गोष्टी बघा: लघवी मोकळी होते का, पोट साफ आहे का, उभं राहिल्यावर चक्कर येते का, सकाळची गुंगी वाढतेय का. शक्य असेल तर बसून आणि उभं राहून बीपी मोजा. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत घरातल्या दुसऱ्या कुणीतरी हे बघावं, कारण भ्रमात गेलेला माणूस स्वतः सांगणार नाही.

१०८ ला फोन करा, थांबू नका : शुद्ध हरपणं, फिट येणं, छातीत धडधडून अंधारी येणं, भरपूर घाम, थरथर, पायांना झटके, ताप आणि बेचैनी, किंवा अंग तापलेलं पण कातडी कोरडी ठणठणीत, बडबड आणि लघवी बंद. जाताना औषधांची अख्खी पिशवी सोबत न्या.

मन फारच खचलं, जीव नकोसा वाटला, तर टेली मानस १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलतात.

## टप्पा ९ : बंद करतानाही क्रम असतो

ट्रायसायक्लिक एकदम सोडलं तर मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं, चिडचिड होते आणि मूळ दुखणं परत डोकं वर काढतं. डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात.

दुसरं औषध बंद झालं तरी कागद पुन्हा दाखवा. पातळी वाढवणारं औषध थांबलं की गोळी अपुरी पडू लागते. कार्बामाझेपिन, रिफाम्पिसिनसारखं पातळी उतरवणारं थांबलं की पुढच्या दोनेक आठवड्यांत आधीचाच डोस जास्त ठरू शकतो. बदल झाला की जुना कागद फाडा आणि नवी तारीख टाकून दुसरा लिहा. घरात तीन वेगवेगळ्या याद्या असण्यापेक्षा एकही नसलेली परवडली.

उरलेल्या गोळ्या 'लागतील कधीतरी' म्हणून ठेवू नका आणि शेजारच्या वहिनींना पाय दुखतात म्हणून देऊ नका. ट्रायसायक्लिकचा जास्त डोस हृदयावर जातो, लहान मुलाला तर थोड्या गोळ्याही जीवघेण्या ठरतात. चालू स्ट्रिप कुलपात ठेवा. आठवड्याच्या रंगीत डब्या सोयीच्या असल्या तरी त्यांची झाकणं तीन वर्षांचं पोरही उघडतं. माझ्या नातवाने माझ्यासमोर उघडून दाखवलं आहे.